विल्फचा सूर

महायुद्धानंतरचा दुसरा नाताळ जवळ आला होता. यॉर्कशायरमधल्या आमच्या चर्चमध्ये वाद्यवृंदाची तालीम चालली होती. रचना नवी, पण गावच्याच जुन्या नाताळगीतावर बेतलेली. खांबांना हिरव्या माळा बांधणारी हेस्टर संगीतकाराजवळ गेली. “साहेब, तिसऱ्या ओळीत सूर असा खाली कुणी आणला? आमच्यात फक्त माझा विल्फ असं गायचा.” संगीतकार गडबडला. “फ्रान्समध्ये ऐकलं, बाई. काटेरी तारांत अडकलेला जखमी पोरगा गात होता. त्याच्यापर्यंत पोचता येईना.” “मला तर कळवलं, गोळी लागताच गेला. किती वेळ गात होता?” त्यानं नजर वळवली. “एकदाच गायला. मग शांत झाला.” हेस्टर बाकावर बसली. तालीम पुढे सरकली. बासरीवर ते गीत आलं, मग पुन्हा, मग पुन्हा, अधिकाधिक क्षीण होत. आणि दरवेळी हेस्टर पुटपुटत राहिली, “आले रे बाळा, आले.”