उन्नतीचा दिनविशेष

मितेशची बोट बुडाली त्याला दोन पावसाळे उलटले. प्रेत किनाऱ्याला लागलं नाही, म्हणून येसूबाईनं सुनेच्या, हिनाच्या, बांगड्या कुणाला फोडू दिल्या नव्हत्या. सर्वपित्रीला तरी पोराच्या नावानं पान वाढ, असं दांडी गावातली जाणती माणसं सांगायला आली, तेव्हा ती तडकली होती, "आदी माजा पोर दाखवा, मग वाडते."

त्या सकाळी ती किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. शाळेचा परिपाठ सुरू झाला आणि भोंग्यावरून नातीचा आवाज आला. उन्नती दिनविशेष वाचत होती. कुठं तह झाला, कोण शास्त्रज्ञ जन्मला, कोण राजा वारला. येसूबाईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पोरगी कुठं अडखळत नव्हती याचंच तिला कौतुक.

शेवटी उन्नती म्हणाली, "आजच्याच दिवशी दांडी गावचे मच्छीमार मितेश पागधरे यांचे समुद्रात निधन."

येसूबाईच्या हातातला बोंबील हातातच राहिला.

दुपारी पोरगी घरी आली तशी तिनं विचारलं, "आज गेला म्हनून तुला कोन बोलला गो?"

"कोनी नाय, आजी. सगल्यांच्या मरनाला तारीख हाय, बाबांच्याच नाय. आज वाचायचा माजा नंबर होता, म्हनून आजची दिली."

येसूबाई उंबऱ्यावर जाऊन बसली. मग तिनं हिनाला हाक मारली आणि म्हणाली, "हात पुडं कर."