गिऱ्हाइकाचं काही जाता कामा नये

फोटो स्टुडिओची हार्ड डिस्क भरली. नवी डिस्क आणायची की क्लाउडवर जागा घ्यायची, यावरून नवरा-बायकोचं आठवडाभर वाजलं. ती माहेरी गेल्यावर नवऱ्याने फुकटातला तोडगा काढला आणि घरचे सगळे फोटो उडवून टाकले.

"गिऱ्हाइकाचं काही जाता कामा नये. धंद्याची अब्रू असते," ती परतल्यावर त्याने समजावलं.

पुढे शाळेने लेकीचा तान्हेपणीचा फोटो मागितला. बायकोने गिऱ्हाइकांचे फोल्डर उपसले, तेव्हा शेजाऱ्यांच्या मुलाच्या वाढदिवसाच्या एका फोटोत, मागे कोपऱ्यात रांगणारी लेक सापडली. डोळे पुसत ती म्हणाली, "एवढा एक छापून दे."

 

नवऱ्याने स्क्रीनकडे नीट निरखून पाहिलं. "आधी शेजाऱ्यांची परवानगी आण. फोटो गिऱ्हाइकाचा आहे."