खाडीच्या तोंडाशी

“साहेब, एवढे गठ्ठे खरंच कुणी वाचतं का?”

हा प्रश्न विचारायची मैत्रिणींनी लावलेली पैज मी भर जनसुनावणीत, माइकवर जिंकले! शाळेचा हॉल खो खो हसला. टेबलावर अणुप्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचे खंड माझ्या खांद्याएवढे रचले होते.

“वाचून वाचून माझा चष्मा बदलला, पोरी,” अहवाल तपासणारे साहेब म्हणाले. “राहतेस कुठं?”

“खाडीच्या तोंडाशी. आई तिथल्या खडकांवरची कालवं काढून विकते, त्यावरच आमचं घर चालतं.”

त्यांनी मधलाच एक खंड ओढून उघडला. प्रकल्पाचं गरम पाणी आधी आमच्याच खाडीत सोडणार होते. सगळी कालवं मेली असती. ही पानं वाचूनच आराखड्यातला पाइप दूर, खोल समुद्रात नेला होता. बाजूच्या फोटोत चक्क माझी आई! वर्षभर ओहोटीला तिच्याशेजारी बसून प्रश्न विचारणाऱ्या सर्वेक्षणवाल्या ताईंनी तो काढलेला. आई त्यांना ‘येडी’ म्हणायची आणि जेवूही घालायची.

“थँक्यू,” मी माइकवरच म्हणाले. पैजेत हे नव्हतं.

घरी पोचताच जाहीर केलं, “आईबाबा, अकरावीला मी सायन्स घेणार. त्या ताईंसारखी येडी होणार!”