बोटभर आत

परांचीची शिडी चढताना प्राध्यापकांना धाप लागली, तरी वर पोचल्यावर त्यांनी आधी टाय सारखा केला. त्यांची मुलगी ओळंबा धरून किल्ल्याच्या तटाच्या खिंडारापाशी उभी होती. तिने वळून पाहिलं नाही. सकाळी मंत्र्यांच्या सचिवाचा फोन येऊन गेला, तेव्हाच तिने ओळखलं होतं की आता बाबांना पाठवतील.

"गिलावा मारून सगळं सपाट कर," ते म्हणाले. "जुनं कुठलं, नवं कुठलं, दिसता कामा नये. रविवारी उद्घाटनाला मंत्रीसाहेब आणि मी, दोघंही सांगणार आहोत, ही तटबंदी कधी पडलीच नाही."

"मग आम्ही इथे काय बुजवतोय? उंदराचं बीळ?"

मुकादम मान खाली घालून हसला.

नवा दगड जुन्यापेक्षा बोटभर आत बसवायचा, ही तिच्या कामातली साधी शिस्त. भिंत कुठे पडली होती, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसता हात फिरवून कळावं, एवढ्यासाठी.

"एका बोटाने काय आभाळ कोसळतंय?"

"बाबा, हे खिंडार शत्रूच्या तोफांनी पडलं, असं तुम्हीच इतिहासाच्या पुस्तकात लिहिलंत. सरकार बदललं, तेव्हा फितुरांनी सुरुंग लावला म्हणालात. आता तर ते पडलंच नाही."

"संशोधन पुढे जात असतं, बाळ."

"खुर्चीच्या मागे मागे."

ते चिडले नाहीत. चिडणं परवडत नाही म्हणून त्यांनी ते केव्हाच सोडून दिलं होतं. आवाज मात्र मऊ केला. "तुझ्या जागेवर माणूस बघून ठेवलाय त्यांनी. मीच म्हटलं, मुलगी माझी आहे, ऐकेल. तुझ्या पोरीला काय खायला घालणार आहेस? चुना?"

तिचा हात थांबला. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. पोरीचं नाव काढलं की ही नमते, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आई कुठे मेली, बाबा?"

मुकादमाची थापी जागच्या जागी राहिली.

"हे काय मध्येच?"

"ह्याच खिंडारातून पळत होतो आपण. मी तुमच्या खांद्यावर. मागून सैनिकांच्या गोळ्या. ती इथे पडली. मी तोंड मागे करून होते, मला दिसत होतं."

प्राध्यापकांनी खाली वाकून पाहिलं. सरकारी गाडीचा ड्रायव्हर लांब होता, त्याला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. मगच ते बोलले.

"तापाने गेली. सगळीकडे तसंच सांगत आलोय आपण."

चीर गेलेला दगड बाजूला टाकण्याआधी पाहावा, तसं तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"मुकादम, वरचे थर दोन बोटं आत घ्या."

"दोन, ताई?"

"दोन. आंधळ्यालाही कळू दे."

मुकादमाने थराची ओळ धरणारी दोरी सोडली आणि आत सरकवून पुन्हा ताणून बांधली. प्राध्यापकांनी कोटावरचा चुना झटकला, शिडीला हात घातला आणि थोडं उतरून डोकं वर काढलं. चेहरा असा, जणू चहा घेऊन निघालेत.

"बरं, रविवारी नातीला तरी पाठव. पहिल्या रांगेत बसवतो. ऐकू दे तिला आजोबांचं भाषण."

"कोणतं?" तिने विचारलं.