केसांची इस्त्री

पाणी पडलं आणि तापलेल्या पट्ट्यांमधून चर्र असा आवाज आला. अंकिता स्टुलावरून ताडकन उठली.

"बाबा, पानी नोका मारू!"

कैलास डाव्या हातातल्या बाटलीकडे बघत राहिला. झाकणाला भोकं पाडलेली ती बाटली आपण कधी उचलली, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. पुलगावात अठ्ठावीस वर्षं तो लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होता. उजव्या हातात गरम काही आलं की डावा हात पाणी शिंपडायचाच. केस पूर्ण वाळलेले पाहिजेत, ओल्यावर चालवली तर जळतात, हे केसांची इस्त्री विकणाऱ्या दुकानातल्या मुलीने दोनदा बजावलं होतं. त्याने दोनदा मानही हलवली होती.

नशीब, कानामागची बट होती. अनोळखी कापड आलं की तो आधी आतल्या दुमडीवर इस्त्री टेकवून बघायचा. केसांचंही त्याने तसंच केलं होतं. टोक थोडं करपलं, तेवढंच.

"आता ते बाटली तिकडं ठेवा," अंकिता म्हणाली आणि पुन्हा बसली.

तिचे केस दाट आणि कुरळे होते, थेट आईचे. घातलेला कंगवा तिथेच अडकून बसायचा. आतापर्यंत दोन स्थळं येऊन गेली होती. मुलगी चांगली आहे, असं दोघांनीही तोंडावर सांगितलं आणि केसांचं मध्यस्थाच्या कानात सांगितलं. आज तिसरं स्थळ यायचं होतं. ऋतिक, तळेगावचा, पंचायत समितीत बाबू. अंकिता त्याच्याशी चारदा फोनवर बोलली होती आणि चारही वेळा गालात हसत घरात आली होती. हे जमलंच पाहिजे, असं घरात कोणी बोलत नव्हतं. पण वर्ध्याहून स्ट्रेटनर आला होता.

तो कैलासनेच निवडला होता. दुकानातल्या मुलीने आधी एक गुलाबी, नाजूक यंत्र पुढे केलं. त्याला नुसतं चालू-बंदचं बटण होतं.

"ताप कमीजास्त कुठून होते?" कैलासने विचारलं.

"याचा एकच असते, काका."

"एकाच तापावर सुती अन् टेरिकॉट दोन्ही मारते का कोणी?" म्हणत त्याने ते परत केलं. मग रुंद पट्ट्यांचं, तापाचे आकडे दाखवणारं दुसरं घेतलं. पट्ट्यांच्या कडांवरून बोट फिरवून खरखर नाही ना ते पाहिलं. मिटून उजेडासमोर धरलं आणि फट नाही ना ते पाहिलं. त्या मुलीने इतकं चोखंदळ गिऱ्हाईक बायकांमध्येही पाहिलं नसावं.

आता त्याने केसांचे चार भाग करून चिमटे लावले. बोटभर रुंदीची एकेक बट घेतली. दीडशेवर केस बधले नाहीत. एकशेनव्वदला बधले. मुळाशी धरायचं, न थांबता खाली यायचं, परत फिरवायचं नाही. थांबलं की डाग पडतो, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. मध्येच त्याच्या कपाळावरचा घाम तिच्या भांगाशी ठिबकला आणि तेवढे केस लगेच वळून वर आले. त्याने ते पुसून, वाळवून पुन्हा सरळ केले.

दोन तासांनी अंकिताने आरशात पाहिलं. केस पाठीवर सरळ पडले होते. कैलासला आनंद झाला. थोडं वाईटही वाटलं. समोर कोणा दुसऱ्याचीच पोरगी बसली होती.

पाहुणे वेळेवर आले. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. इस्त्रीचं टेबल कोपऱ्यात सारून त्यावर, इस्त्री-बाटलीसकट, धुतलेली चादर टाकली होती. ऋतिकची आई देवकाबाई खुर्चीवर बसल्या, शेजारी ऋतिक. पोहे झाले, प्रश्न झाले. मग देवकाबाईंनी अंकिताला जवळ बोलावलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"पोट्टीचे केस लय कुरळे आहे म्हणून आयकलं होतं. लोकं काईही सांगते," त्या खुशीत म्हणाल्या. "आमच्याकून पक्कं समजा. फक्त केस असेच ठेवजो, बाई. कुरळ्या केसाच्या बाया हट्टी राह्यते. आमच्या घरी नाई चालत."

स्वयंपाकघराच्या दारात अंकिताची आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने एका हाताने पदर कपाळापर्यंत पुढे ओढला. कानाजवळ एक कुरळी बट बाहेर राहिली. तीही तिने आत खोचली.

अंकिताने ते पाहिलं. मग ऋतिककडे पाहिलं. फोनवर एवढा बोलणारा ऋतिक बशीत उरलेल्या पोह्यांतले शेंगदाणे चमच्याने एका बाजूला करत होता. ती थांबली. त्याचे शेंगदाणे संपले, तरी त्याने मान वर केली नाही.

पक्कं समजा, हे शब्द ऐकण्याची कैलासने किती दिवस वाट पाहिली होती. आता कोणी काही बोलू नये, एवढंच त्याला वाटत होतं.

अंकिता उठली. कोपऱ्यातल्या चादरीखाली हात घालून तिने भोकांच्या झाकणाची बाटली काढली, ती कैलासच्या हातात दिली आणि त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली.

"बाबा, पानी मारा."