घाट उघडला तो दिवस

अँडीजच्या घाटातला रस्ता चौकीवरच्या हिमतज्ज्ञ नोल्फाने तीन दिवस बंद ठेवला होता. वरच्या उतारावरचा बर्फ आतून भुसभुशीत झालाय, कधीही गाड्यांवर कोसळेल, असं ती बर्फ खणून पाहिल्यापासून एकसारखं सांगत होती. पण आभाळ निरभ्र होतं आणि फाटकाशी अडकलेले ट्रकवाले वैतागले होते.

"बाईसाहेब, डोंगर जागचा हलत नाही आणि तुम्हीही!" त्यांच्यातला बाउदिलियो ओरडला, तसे बाकीचे खो खो हसले.

चौथ्या दिवशी सकाळी वरच्या साहेबांनी फोन करून फाटक उघडायला लावलं. नोल्फा अगदी काकुळतीला आली, पण कुणी ऐकलं नाही. सतरा ट्रक एकामागून एक घाट चढू लागले. सगळ्यात शेवटी निघालेल्या बाउदिलियोने मुद्दाम हॉर्न वाजवून तिला टोपी उंचावून दाखवली.

ती दुर्बीण घेऊन खिडकीशी उभी राहिली, ती दुपारपर्यंत हललीच नाही. चौकीची स्वयंपाकीण ओतिलियाने आणून ठेवलेला कासुएलाचा रस्सा तसाच गार झाला.

शेवटी वायरलेसवर निरोप आला, सगळे पलीकडे सुखरूप उतरले.

"सुटलीस गं बाई!" ओतिलियाने तिला जवळ घेतलं. "किती जीव टांगणीला लागला होता तुझा, त्या मेल्यांसाठी!"

नोल्फाने दुर्बीण खाली ठेवली. बाउदिलियोचा ट्रक त्या उताराखालून दिसेनासा होईपर्यंत ती मनातल्या मनात बर्फाला म्हणत होती, 'आता तरी कोसळ.'