दोनच प्रश्न

बस्तीचा काढा आत गेला तशी आयुर्वेदिक रुग्णालयातल्या मावशीने नळी काढून घेतली. आजचा चौथा दिवस. कळ आली की लगेच उठायचं, धरून ठेवायचं नाही, असं तिने मुख्याध्यापकांना रोजच्यासारखं बजावलं आणि भांडं उचलून ती गेली. संडास समोरच होता, सात पावलांवर. पावलं त्यांनी पहिल्याच दिवशी मोजून ठेवली होती.

तेवढ्यात शिकाऊ डॉक्टरीण आली आणि नेमकी संडासाच्या वाटेत खुर्ची ओढून बसली. रुग्ण हा उपचार कितपत मनापासून स्वीकारतात, यावर तिला अहवाल लिहायचा होता. प्रश्न वीस. पोटात काढा असतानाच विचारायचे, म्हणजे उत्तरं खरी येतात, असं तिच्या वरिष्ठांचं म्हणणं.

मुख्याध्यापक पाठीवर पडलेले. पायजमा खुंटीला, अंगावर चादर. निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी गल्लीतली पोरं त्यांना पाहून गप्प व्हायची. पण चादरीखालच्या माणसाचा दरारा तो कसला?

उपचाराची भीती वाटली का? नाही. संकोच? मुळीच नाही. सहाव्या प्रश्नाला पोटात गुडगुडलं. बाराव्याला कपाळावर घाम आला. मुलगी मोठी सालस, प्रत्येक उत्तर वळणदार अक्षरात सावकाश लिहीत होती. "जायचंय," एवढंच म्हणायचं होतं, पण नातीच्या वयाच्या मुलीसमोर ते काही तोंडातून फुटेना. तिच्या देखत चादर सावरत उठायचं, तर मेल्याहून मेल्यासारखं.

अठरावा प्रश्न संपता संपता त्यांचा हात आपोआप वर गेला. करंगळी ताठ.

त्यांच्या वर्गात हे बोट रोज कुणाचं ना कुणाचं वर व्हायचं. फळ्यावरून मान न वळवता ते म्हणायचे, दोनच गणितं राहिलीत, मग जा. सर शिस्तीचे आहेत, असं सगळ्यांना वाटायचं. त्यांनाही वाटायचं.

मुलीने बोट पाहिलं आणि अगदी मायेने हसली.

"दोनच प्रश्न राहिलेत, काका. मग जा."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्याही नसायचं. दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी त्यांना आठवली. घंटा झाली तरी ती जागची हलली नव्हती, आणि उठत का नाहीस म्हणून त्यांनीच तिला भर वर्गात झापलं होतं.

"उपचाराबद्दल काही तक्रार?"

"नाही."

मुलीने ते लिहून घेतलं. विसाव्यालाही ते नाहीच म्हणाले. तिने कागद नीट जुळवले, आभार मानले आणि खुर्ची बाजूला सरकवली.

"झालं, काका. उठा आता."

मुख्याध्यापक उठले नाहीत.